घरोघरी कुमुदआत्या

या यंत्रातून कुमुदआत्याला मिळायचं होतं फक्त एक लग्न. बाकीच्यांच्या वाट्याला पुष्कळ येणार होतं. दादांना निवांत झोप, वहिनींना किल्ल्यांचा जुडगा कमरेला न खोचता शालू नेसण्याचं सुख, जळगावच्या सुखकर्ता कॉलनीला वॉचमनच्या पगाराची बचत. आत्याला मात्र एक लग्न. पण ते तिच्या लाडक्या भाचीचं, केतकीचं होतं, आणि कळत्या वयात मांडवात बसून पाहिलेलं ते तिचं पहिलंच लग्न ठरणार होतं. तेव्हा सगळ्यात घसघशीत वाटा आपलाच, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

भारंबे घराण्याचा नियम जुना होता: लग्नाला जाताना घर रिकामं ठेवायचं नाही. थोरल्या बहिणीच्या लग्नात सगळे मांडवात असताना घरातली पेटी रिकामी झाली, तेव्हापासून हा नियम. चोरांना काही शोधावं लागलं नव्हतं. लग्नपत्रिकेत मालक स्वतःच लिहून देतो, की अमुक दिवशी अमुक वेळी आम्ही समस्त मंडळी भुसावळला असू, अगत्य येण्याचे करावे. चोर तेवढं अगत्य दाखवतात.

मग घर राखायला कुणी थांबायचं? पहिल्या वेळी कुमुद थांबली, कारण तिला ताप होता. दुसऱ्या वेळी ताप नव्हता, पण सवय झाली होती. लग्न न केलेल्या बाईला लग्नात मिरवायचं काय असतं, असा घरच्यांनी स्वतःचा समज करून घेतला आणि तो खरा का, ते तिला कधी विचारलं नाही. संध्याकाळी वऱ्हाड परत आलं की तिच्या हातात डबा पडायचा: गार झालेल्या बट्ट्या, वरून तेल गोठलेली वांग्याची भाजी, एकमेकींना चिकटलेल्या जिलब्या. "वन्सं, तुमच्यासाठी आठवणीने आणलं हं," वहिनी म्हणायच्या. आत्या बट्टी वरणात बुडवून ठेवायची आणि मऊ पडेपर्यंत सगळ्यांच्या तोंडून लग्न ऐकायची.

दादांची केतकी या आत्याच्या मांडीवर वाढली होती आणि आता पुण्यात लहरींवर संशोधन करत होती. लग्न ठरल्यावर ती घरी आली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "आत्या अक्षता टाकायला नसेल तर मी बोहल्यावर चढत नाही."

"आणि घर?" दादा म्हणाले.

"घरी आत्याच असेल."

दादांनी वहिनींकडे पाहिलं. पुण्याला पाठवून चूक झाली, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

मधल्या काळात चोरीची कला बदलली होती. घराघरात वायफाय आलं, त्याच्या लहरी भिंतीतून आरपार जातात. या लहरींच्या लेखी माणूस म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. पिशवी हलली की लहरी वेगळ्या होऊन परततात. श्वासाने छाती इवलीशी वर झाली तरी फरक पडतो. हा फरक वाचायला पूर्वी प्रयोगशाळा लागायची, मग खिशात मावणारी डबी पुरू लागली. बाळांचे श्वास मोजायला, म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवायला ती निघाली होती. चोरांनी ती सगळ्यांत आधी घेतली. डबी खिशात घालून गल्लीतून नुसतं चालायचं. कुठल्या घरात श्वास आहे आणि कुठल्यात नाही, ते कुंपणाबाहेरून कळतं. पेपरवाल्यांनी तिचं नाव 'कानोसा' ठेवलं. दिवा लावून जा, रेडिओ सुरू ठेवा, दारात पुरुषी मापाचे बूट मांडा, हे सगळे उपाय अडगळीत गेले. कानोशाला बुटांत रस नव्हता.

केतकीच्या प्रयोगशाळेने त्यावर 'सावली' काढली. भिंतीला चिकटवायचा साधा दिसणारा कागद. त्यात टिकलीएवढे धातूचे हजारो चौकोन, आणि आपल्यावर आलेली लहर कशी परतवायची ते प्रत्येक चौकोन क्षणोक्षणी बदलू शकतो. हातातला आरसा वळवला की भिंतीवर कवडसा पळतो. इथे हजारो आरसे एका तालात वळतात आणि खोलीत एक कवडसा चालू लागतो. डोळ्यांना तो दिसत नाही. कानोशाला दिसतो, आणि कानोसा त्याला माणूस समजतो. उलट, कुणी बाहेरून कानोसा लावलाच, तर त्याच्या लहरी या कागदाला कळतात, घराचं दार उघडलं तरी कळतं, आणि मालकाच्या मोबाइलवर सूचना येते.

"अडचण एकच होती," केतकीने सांगितलं. "आम्ही संगणकाने रचलेला माणूस कानोसा लगेच ओळखायचा. कारण तो नीट वागायचा. खरा माणूस घरात एकटा असला की नीट वागत नाही. उठतो, आत जातो, कशाला आलो ते विसरतो, परत येतो, उगाच पडदा सारखा करतो. ते रचता येत नाही, खऱ्या माणसाचंच टिपून घ्यावं लागतं. तर मला घरी एकटं असण्यातलं कुणीतरी मुरलेलं माणूस हवंय."

सगळ्यांनी कुमुदआत्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याला कुणी काम म्हटलं नव्हतं, त्याचं एका वाक्यात कौशल्य झालं होतं. आत्याने पदर सावरला. "दूध उतू जाईल," म्हणून ती आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

दोन आठवडे टिपण चाललं. घरच्यांनी दिवसभर बाहेर राहायचं, आत्याने एकटीने घरी. संध्याकाळी केतकी पडद्यावर तिला तिची सावली दाखवायची: एक निळसर डाग, झोपाळ्यावरून स्वयंपाकघरात, तिथून देवापाशी, परत.

"हे काय आहे?" केतकीने एके दिवशी विचारलं. "रोज कधीतरी खिडकीपाशी उभी राहतेस. आणि एक पाय हलतोय तुझा."

"वारं खाते."

"वारं खाताना पाय हलतो?"

आत्याने उगाच पडदा सारखा केला. रस्त्यापलीकडे मंगल कार्यालय होतं, आणि लग्नसराई होती, आणि बँड लागला की भारंब्यांच्या खिडकीत चांगला ऐकू यायचा. केतकीने पुढे विचारलं नाही. पण तो पायाचा ठेका तिने सावलीतून काढूनही टाकला नाही.

सावली उत्तम चालली. परीक्षा म्हणून सगळे हॉटेलात जेवायला गेले आणि केतकीने बाहेरून स्वतः कानोसा लावला. घरात आत्या फिरत होती. खरी आत्या हॉटेलात पापड मोडत होती. दादा तर इतके खूश झाले की त्यांनी कॉलनीच्या सभेत ते सांगितलं, आणि तिथून पुढची चूक सुरू झाली.

कॉलनीत चौदा घरं. सगळ्यांनी कागद घेतले. प्रत्येक घराने आपापलं माणूस टिपून घ्यायचं, असं केतकीने बजावलं आणि ती पुण्याला परतली. पण दोन आठवडे घरी एकटं बसायचं कुणी? तिसऱ्याच दिवशी शेजारच्या सुलभाताई नारखेडे वाटी घेतल्यासारखा मोबाइल पुढे धरून दारात उभ्या.

"कुमुद, जरा तुझी सावली दे ना गं. विरजणापुरती."

ॲपमध्ये नक्कल देण्याचं बटण होतं. आत्याने दाबलं. सुलभाताईंकडून ती फेगड्यांकडे गेली, फेगड्यांकडून पुढच्या घरी, आणि लोणच्याचा मसाला विचारायला यावं तसे लोक येऊ लागले. एक जण तर म्हणाला, "आत्या, तुमची चाल फार छान आहे म्हणतात." लोकांनी मागावं असं आत्याकडे पहिल्यांदाच काही होतं. ती कुणाला नाही कशी म्हणणार? बघता बघता चौदाच्या चौदा घरांत तीच फिरू लागली, आणि सावली मुळात तिची असल्यामुळे चौदाही घरांच्या सूचना तिच्याही मोबाइलवर येऊ लागल्या. कॉलनीने वॉचमनला रजा दिली, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून केतकीच्या लग्नाची पत्रिकाही दिली.

लग्नाच्या दिवशी सुखकर्ता कॉलनीत जिवंत असं एक मांजर तेवढं उरलं होतं.

भुसावळच्या कार्यालयात कुमुदआत्या पहिल्या रांगेत बसली. डाळिंबी शालू, केतकीने आणलेला. आधी तिला काही सुचेना. लग्नात काय करायचं असतं हे तिला ऐकून माहीत होतं, करून नाही. मग कुणीतरी हातावर अत्तर लावलं, कुणीतरी गजरा दिला, एका विहीणबाईंनी "तुम्हीच का त्या आत्या?" विचारलं, आणि ती खुलली. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला माजी वॉचमन गरम बट्टीवर तूप ओढून घेत होता. बट्टीतून वाफ निघत होती. आत्याने ती वाफ डोळे भरून पाहिली.

अंतरपाट धरला, भटजींनी घसा साफ केला, आणि आत्याच्या पर्समधला मोबाइल थरथरला.

'कानोसा: घर एक.'

आत्या हसली. घ्या कानोसा, मी आहे घरात. मग घर दोन. घर तीन. चोर गल्लीने निघाला होता, दर घरापाशी थोडा थांबत, पुढे सरकत. घर चौदापर्यंत गेला. जाऊ दे, प्रत्येक घरी मी आहेच. आत्याने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि मुठीतल्या अक्षता सारख्या केल्या.

मोबाइल पुन्हा थरथरला. 'कानोसा: घर एक.' लगेच, 'घर दोन.'

बाजारात ती स्वतः असंच करायची. आधी सगळ्या टोपल्यांवरून चक्कर, मग शंका आली की परत पहिल्या टोपलीपाशी. हा परत का फिरला? आत्याने घड्याळ पाहिलं. तिच्या चहाची वेळ. या वेळी ती झोपाळ्यावरून उठते, स्वयंपाकघरात जाते, साखरेचा डबा काढते, चहापत्ती विसरते, परत वळते.

आणि या क्षणी चौदाही घरांत ती एकदमच उठली असणार. एकदमच वळली असणार.

मुठीतल्या अक्षता तिच्या घामाने हाताला चिकटल्या. चोराला चौदा घरांत एकच बाई दिसत होती. म्हणजे जिथे ती आहे, तिथे नक्की कुणी नाही. आपण घरं राखली नव्हती. घर रिकामं असल्याची पाटी प्रत्येक दारावर आपल्याच हाताने लावली होती.

ती उठून दादांपाशी गेली आणि कानात सांगितलं. दादांचा फेटा किंचित कलला. त्यांनी पोलिसांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं की गाडी रेल्वे फाटकापलीकडे अडकली आहे, वीस मिनिटं धरा. दादांनी मोबाइल खाली ठेवला, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तोंडातून इतक्या वर्षांचं वाक्य आपोआप निघालं:

"कुमुद, तू घरी जा."

वहिनींनी मान खाली घातली. त्यांनाही तेच सुचलं होतं, फक्त दादा आधी बोलले.

आत्याने किल्लीकडे पाहिलं. "नाही जाणार."

"अगं, वीस मिनिटांत घर साफ होईल."

"मी पोचेपर्यंतही होईल. आणि नसतं झालं तरी मी नसते गेले, दादा." एवढं बोलून ती सरळ बोहल्यावर चढली आणि अंतरपाटाच्या आडून केतकीच्या कानाशी लागली.

नवरीने ऐकलं. मुंडावळ्या हलल्या नाहीत, डोळे मात्र चमकले. प्रयोगशाळेत परीक्षेच्या आदल्या रात्री चमकत असतील तसे.

"थेट जोडणी," ती ओठ न हलवता म्हणाली. "ॲपमध्ये आहे, आमच्या चाचणीसाठी ठेवली होती. मोबाइल अंगाला बांधायचा. तू हलशील तशी घरातली सावली हलेल. प्रत्येक घरवाल्याने आपला मोबाइल आपल्या घराला जोडला तर चौदा घरांत चौदा वेगळी माणसं होतील. जा. मी यांना थांबवते." आणि भटजींना मोठ्याने: "गुरुजी, घाई करू नका. आमच्याकडच्या सगळ्यांना मंगलाष्टकं म्हणायची आहेत."

मांडवात एक निःश्वास पसरला. स्वतः रचलेलं मंगलाष्टक खिशात घालून येणारे पाहुणे प्रत्येक लग्नात असतात आणि त्यांना टाळण्यात यजमानांचं कसब असतं. इथे खुद्द नवरीच त्यांना बोलवत होती. फेगडेकाकांनी चार पानं काढली. त्यांना पूर्ण म्हणू देण्याची ही पहिलीच वेळ होती.

आत्या कॉलनीच्या रांगांतून फिरली. "मोबाइल काढा. घराला जोडा. कमरेला खोचा. आणि आता घरी असता तसे वागा."

हे बोलायला सोपं होतं. सुलभाताई ताठ उभ्या राहिल्या. "घरी मी काय करते गं?" त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं. दादा मोबाइल खिशात ठेवून खुर्चीत बसले, कारण घरी ते तेच करत. कुणी दोन पावलं पुढे गेलं, कुणी मागे आलं, सगळे इतके जपून की कॉलनीतली घरं आजारी माणसांनी भरल्यासारखी वाटली असती. आत्याच्या मोबाइलवर नवी ओळ आली: 'घर पाच: दार उघडलं.'

घर पाच सुलभाताईंचं.

आत्या मांडवाच्या दाराशी गेली. बँडवाले सावलीत सरबत पीत बसले होते.

"वाजवा."

"अक्षता पडल्यावर ना, मावशी?"

"आत्ता. जोरात. वरातीला वाजवता ते."

ढोल कडाडला. आत मंगलाष्टक आणि बाहेर वरात, असं भुसावळने कधी ऐकलं नव्हतं. आणि मग कुमुदआत्या नाचली. खिडकीपाशी इतकी वर्षं एकाच पायावर दाबून धरलेला ठेका दोन्ही पायांत उतरला. हात वर गेले, शालूचा पदर कमरेत, गजरा सुटून खांद्यावर. "बघता काय, या," ती ओरडली. आधी वहिनी आल्या, मग फेगडेबाई, मग घरी आपण काय करतो ते न आठवणाऱ्या सुलभाताई बेभान होऊन आल्या. वॉचमन तुपाच्या हाताने आला. दादाही उठले, फेटा सांभाळत, आणि त्यांच्या नाचाचं वर्णन न करणं बरं.

तिकडे काय घडलं ते नंतर चोरांनीच पोलिसांना सांगितलं. दोघे होते. एक सुलभाताईंच्या बेडरूममध्ये कपाटापाशी, दुसरा दारात डबी धरून. "साहेब, डबीवर सगळ्या घरांत एकच बाई होती. अचानक ती गेली, आणि गल्लीभर माणसं नाचायला लागली. प्रत्येक घरात. हा कपाटाशी उभा होता ना, त्याच्या शेजारी कुणीतरी गिरक्या घेत होतं. मी डोळ्यांनी बघतोय, खोलीत कुणी नाही. डबीत बघतोय, ते याच्या अंगातून आरपार जातंय." कपाटापाशी होता तो पळताना सुलभाताईंच्या नव्या लोणच्याच्या बरणीला अडखळला. दोघे गाडी तिथेच सोडून पायी सुटले. गाडीला नंबर होता, खरा. चोरांनाही कधीकधी आळस नडतो.

मोबाइलवर पोलीस पोचल्याचा फोन आला तेव्हा फेगडेकाका चौथ्या पानावर होते. आत्या धापा टाकत बोहल्यापाशी आली, केस सुटलेले, कपाळाचं कुंकू घामाने ओघळलेलं. केतकीने तिला पाहिलं आणि भटजींना मानेने खूण केली. अंतरपाट दूर झाला. आत्याने मूठ उघडली. अक्षता अजून तळहाताला चिकटलेल्या होत्या. त्या तिला एकेक करून सोडवाव्या लागल्या, आणि तेवढा वेळ नवरा-नवरी हार हातात धरून तिच्यासाठी थांबली.

पंगतीत दादांनी स्वतः तिच्या ताटात बट्टी फोडली. वाफ तिच्या तोंडावर आली.

आता कुणाला किती पडलं ते बघू. चोर आत गेले. सुलभाताईंची कडी आणि कैरीचं लोणचं गेलं. भटजींचा घसा आठवडाभर बसला, आणि मुहूर्त टळल्याचं ते अजून बोलून दाखवतात. केतकीचा संसार मात्र झकास चालला आहे. फेगडेकाकांना टाळ्या मिळाल्या, त्याची किंमत पुढच्या लग्नांतले पाहुणे मोजत आहेत. प्रयोगशाळेने नक्कल देण्याचं बटण काढून टाकलं, त्यामुळे प्रत्येक घराला आपापलं माणूस टिपणं आलं. भारंब्यांच्या घरी या खेपेला दादांनी हौसेने नाव दिलं. दोन आठवडे टिपलं आणि कानोशाने तपासलं. डबी म्हणाली, घरात एक गादी आहे.

तेवढ्यात सुलभाताईंच्या मुलाचं लग्न आलं. दादांची सावली तयार नव्हती, कुमुदआत्याची तयार होती, पण ती चोरांच्या ओळखीची झालेली. म्हणजे खरं माणूस ठेवणं भाग होतं. आत्याने शालू नेसला, पर्स घेतली आणि दादांच्या हातावर घराची किल्ली ठेवली.

"दार आतून लावून घे," ती म्हणाली. "चहाची वेळ चुकवू नकोस."

संध्याकाळी ती परतली तेव्हा दादा खिडकीपाशी उभे होते. तिने डबा पुढे केला. "तुझ्यासाठी आठवणीने आणलं हं."

दादांनी बट्टी तोडायचा प्रयत्न केला. तुटेना. "गार आहे गं."

"गारच असते," आत्या म्हणाली. "वरणात बुडवून ठेव. तोवर मी लग्न सांगते."

ती झोपाळ्यावर बसली आणि सांगू लागली. मनातल्या मनात एक लग्न तिने दादांच्या नावावर मांडलं. बाकी किती राहिली ते सांगितलं नाही.